धसकटांच्या दिवसांतली काडी

बाजरी निघाली की मला माणसांची तोंडं दिसेनाशी होतात आणि कुत्र्यांचे पाय दिसायला लागतात. कोणी पाव्हणा अंगणात आला आणि त्याच्यामागून त्याचं कुत्रं आलं, तर 'या, बसा' म्हणायच्या आधी मी त्या कुत्र्याचा पुढचा पाय हातात घेऊन बोटांच्या बेचक्या तपासते. आमचे हे म्हणतात, "अगं, पाण्याचं तरी विचार त्यांना." विचारते की. पण आधी पाय.

आता आमच्या निमगाव साव्यात बाजरी राहिली आहे ती घरच्या भाकरीपुरती. बाकी सगळीकडे कांदा आणि ऊस, आणि ज्याला हौस आहे त्याची द्राक्षं. तरी भाद्रपद संपता संपता कुठल्या तरी वावरात विळे चालायला लागतात, कापलेल्या ताटांचा गोडसर वास रस्त्यापर्यंत येतो, आणि मागे राहतात ती धसकटं. विळ्यानं तिरपं कापलेलं बाजरीचं धसकट वाळलं की चाकूला ऐकत नाही. माणूस चप्पल घालून जातो, बैलाला खूर असतात. कातडी कागदाएवढी पातळ आणि पळायचं वेड मात्र चारचौघांपेक्षा जास्त, अशा कुत्र्याचं काय होतं, हे मी लग्नानंतरच्या पहिल्या सुगीत शिकले.

माझं माहेर डिंगोरे. तिकडे भात, पाऊस आणि डोंगर. आमच्याकडची कुत्री आखूड, केसाळ, भरलेल्या पोत्यासारखी. त्यांना काही होत नसे. झालं तरी ती आपली आपण चाटून बरी होत. अशा गावची मी नव्वदीच्या मधल्या कुठल्या तरी वर्षी निमगाव साव्याला नांदायला आले आणि उंबऱ्यातच काडी नावाची कुत्री बघितली. उंच, धुरकट रंगाची, पोट पाठीला लागलेलं, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. मनात म्हटलं, ज्या घरात कुत्र्याला खायला मिळत नाही तिथे सुनेला काय मिळणार!

काडी माझ्या सासऱ्यांची, आबांची. तिची आई कारवानी जातीची, सोलापूरकडच्या मेंढपाळांच्या तळावरची, आणि बाप म्हणे पुण्याच्या कुणा हौशी माणसाचा ग्रेहाऊंड. आबा 'ग्रेहंड' म्हणायचे आणि म्हणताना थोडे ताठ बसायचे. सासूबाई मी येण्याच्या दोन वर्षं आधीच गेलेल्या. हे भोसरीला कंपनीत, शनिवारी रात्री यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. म्हणजे आठवडाभर घरात आबा, मी, एक म्हैस आणि काडी. त्यातले आबा माझ्याशी दिवसाला दहा वाक्यं बोलत असतील. काडीशी मात्र अखंड. "काय गं, ऊन लागतंय व्हय? सरक मग सावलीला." मला वाटायचं, मीही जरा चार पायांवर चालावं म्हणजे माझीही चौकशी होईल.

रस्त्यानं जाणारे लोक आबांना हटकायचे. "काय राव, कुत्रीला खायला घालता का न्हाई?" आबांचं उत्तर ठरलेलं. "दोन फासळ्या दिसल्या पायजेत. न्हाई दिसल्या तर तिचं गुडघं बोंबलतील." मला हे पटत नव्हतं. मी दुपारी आबांचा डोळा लागला की तुपात चुरलेली भाकरी तिच्यापुढे ठेवायला लागले. काडी शहाणी, आवाज न करता खायची आणि तोंड पुसून आल्यासारखी परत आबांच्या खाटेखाली जाऊन पडायची. महिन्याभरानं आबा तिच्या पाठीवर हात ठेवून घराच्या पत्र्याकडे बघत म्हणाले, "ह्या घरात कोनीतरी लई दयाळू माणूस राहायला आलंय." मी मान खाली घालून पीठ मळत राहिले. दुसऱ्या दिवसापासून दया बंद.

रोज संध्याकाळी, धार काढून झाली की आबा ओट्यावर बसून काडीला समोर उभी करायचे आणि नाकापासून शेपटीपर्यंत तिच्या अंगावरून बोटं फिरवायचे. मी आधी समजले, लाड चाललेत. मग एकदा जवळून बघितलं. डोळे मिटलेले असायचे आणि बोटं सावकाश पुढे सरकायची, तांदूळ निवडताना सरकतात तशी. कानाच्या आत, काखेत, मांडीच्या आतल्या बाजूला, प्रत्येक बोटाच्या बेचकीत. कुठे कुसळ घुसलंय का, नख मुळातून हललंय का, तळव्याला कुरूप होतंय का. मध्येच बोट थांबायचं, आबा डोळे उघडायचे. "हितं गरम लागतंय." आणि खरंच दुसऱ्या दिवशी तिथे सूज यायची. ह्याला ते चाचपणी म्हणायचे. तोंडानं ती सांगत नाही, कण्हत नाही, म्हणून हातानं विचारायचं, एवढंच त्यांचं म्हणणं.

त्या सुगीत पहिल्याच आठवड्यात काडी शेजारच्या वावरातून सुसाट आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. शेपूट हलत होती. मांडीवर वितभर कातडी उघडी पडून लोंबत होती आणि आत पांढरं दिसत होतं. रक्त फारसं नव्हतं. मी हळदीचा डबा घेऊन धावले. आबांनी डबा माझ्या हातातून काढून घेतला. "हळद कालवणात घाल. पानी उकळ." उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यानं त्यांनी जखम धुतली, स्वच्छ धोतराची पट्टी सैल बांधली आणि नारायणगावला डॉक्टरांकडे नेऊन टाके घालून आणले. परत आल्यावर मला बोलावून पट्टीखाली माझी दोन बोटं घालायला लावली. "दोन बोटं जात न्हाईत अशी पट्टी बांधायची न्हाई. खाली पाय सुजतो, काळा पडतो, आन आपण वर बसतो, पट्टी बांधली म्हनून खुशीत." माझ्याशी बोललेलं त्यांचं ते तोवरचं सगळ्यात लांब बोलणं.

त्या दिवसापासून मी हळूहळू काडीची झाले. तिला शहाबादी फरशीवर पडायची सवय होती आणि अंगावर मांस नसल्यामुळे कोपरांना घट्टे पडलेले. मी गोणपाटाच्या खोळीत भुसा भरून तिला गादी शिवली. ती तिच्यावर तीनदा गोल फिरली, बसली, आणि लांब सुस्कारा सोडून माझ्याकडे अशी बघत राहिली की डिंगोऱ्याची माझी सगळी कुत्री मी एका क्षणात विसरले. आईशपथ सांगते.

आणि मग मी तिला जवळजवळ मारलं.

आश्विनातलं ऊन होतं. आबा टोमॅटो घेऊन पहाटेच नारायणगावच्या बाजाराला गेलेले. म्हशीला गोचीड झाले होते, म्हणून मी सकाळी औषध कालवलं. हे औषध खरं तर पिकावर फवारायचं. पण तेव्हा आमच्या सगळ्या वस्तीत जनावरांच्या गोचिडाला तेच लावत. बादलीत टोपणानं मोजून टाकायचं, पाणी दुधासारखं पांढरं होतं, फडक्यानं म्हशीच्या अंगाला फासायचं. म्हैस झाली. बादलीत अर्धं पाणी उरलं. काडी शेजारी येऊन बसली, तिच्या कानात मी बघितलं तर आत मुगाएवढे टचटचीत गोचीड. मला इतकी कीव आली! आबा येतील, संध्याकाळी चाचपणीला बसतील, आणि त्यांच्या बोटांना एकही गोचीड लागणार नाही, असं डोळ्यांपुढे आलं. मला ते चित्र फार आवडलं. उरलेलं औषध फेकायचं कशाला म्हणून मी अजून एक टोपण त्यात घातलं आणि काडीला कानांपासून शेपटीपर्यंत चोळून काढली. ती गुणी बाई, शांत उभी राहिली.

तासाभरात तिच्या तोंडातून लाळेच्या तारा सुरू झाल्या. मग डोळ्यांतून पाणी. मग मांडीचे स्नायू कातडीखाली आपोआप उडायला लागले, चालायला गेली तर मागचे पाय एकमेकांत अडकून ती भिंतीवर आदळली. शेजारच्या काकू धावत आल्या, म्हणाल्या, "तेल चोळ गं, अंगात वारं शिरलंय." माझ्या हातात तेलाची वाटी होती तेवढ्यात आबा आले.

"काय झालं?"

"अचानक पडली," मी म्हणाले.

एवढंच मी म्हणाले. कुठलं औषध, कधी, किती, काही नाही. सासरी येऊन सहा महिने झालेले, दिवसाला दहा वाक्यं बोलणारा सासरा, आणि बायको गेल्यावर ज्या एका जिवाशी तो बोलायचा तो जीव माझ्या हातानं जमिनीवर पडलेला. खरं सांगायचं तर मला काडीपेक्षा माझीच जास्त भीती वाटत होती, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

आबांनी वाकून तिच्या मानेचा वास घेतला. कोपऱ्यातल्या बादलीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. "तेल नगं," ते काकूंना म्हणाले, "तेलानं आजून आत मुरतं. साबन आना." आम्ही दोघांनी तिला कपड्याच्या साबणानं धुतलं, पाणी ओतून ओतून पुन्हा धुतलं. अंगावर चरबी नाही म्हणून ती थंडीनं अजूनच थरथरायला लागली, तेव्हा त्यांनी तिला सासूबाईंच्या गोधडीत गुंडाळलं आणि मला म्हणाले, "बाटली घे बरूबर." मी औषधाची बाटली पदराखाली घेतली.

जीपवाला म्हणाला, "कुत्रं न्हाई घेत, पावणं." आबांनी गोधडीचं टोक बाजूला करून काडीचं तोंड त्याला दाखवलं. त्यानं पुढच्या सीटवरच्या दोघांना मागे पाठवलं. मागे मेंढरांसारखी माणसं कोंबलेली, त्यात एक बाई म्हणाली, "उपाशी ठेवलीया वाटतं." दुसरी म्हणाली, "गप गं, बघ ना, म्हातारा रडतोय." मी बाजूला बघितलं. खरंच रडत होते. आवाज नव्हता, नुसतं पाणी मिशीत उतरत होतं. नारायणगाव त्या दिवशी जितकं लांब होतं तितकं पुन्हा कधीच नव्हतं.

डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांत बघितलं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. "काय लावलंय हिला?" त्यांनी विचारलं. "लवकर सांगा. ते कळल्याशिवाय मला इंजेक्शनचं ठरवता येणार नाही."

मी पदराखालची बाटली घट्ट धरली.

"माज्या हातनं झालंय, डाक्टर," आबा म्हणाले. "म्हशीचं औषध. गोचिडाला लावलं."

"किती? कधी?"

आबांना कुठून माहीत असणार? ते तर तेव्हा टोमॅटोच्या क्रेटपाशी उभे होते. डॉक्टर त्यांच्याकडे बघत होते, ते काडीकडे. मी पदराखालून बाटली काढून टेबलावर ठेवली. "म्हशीला कालवलेलं अर्धी बादली उरलं व्हतं," मी म्हणाले, "त्यात आजून एक टोपण. सकाळी धाच्या सुमाराला. मी लावलं. आबांनी न्हाई." डॉक्टरांनी आम्हा दोघांकडे एकदा बघितलं, बाटलीवरचं वाचलं आणि सिरिंज भरायला वळले. रागावले ते नंतर, आणि भरपूर रागावले. पिकाचं औषध जनावराला लावायचंच नाही, म्हशीलाही नाही; आणि ही असली सडपातळ जात तर अंगात गेलेलं विष आणि गुंगीचं औषध दोन्ही लवकर पचवत नाही, हिला कधी भूल द्यायची वेळ आली तर त्या डॉक्टरला आधी जात सांगा. मी सगळं ऐकून घेतलं. इतकं गोड बोलणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, कारण ते बोलत असताना काडीची लाळ थांबत आली होती.

ती उठून उभी राहायला चार दिवस गेले. चार दिवस मी तिला चमच्यानं पाणी पाजलं. आबा मला एक शब्द बोलले नाहीत, म्हणजे नेहमीएवढेच बोलले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

मग दिवाळी आली. मी भिंतींना नवा चुना दिलेला. आबा दुपारी शेतावरून परत आले आणि दुखण्यातून उठल्यावर पहिल्यांदाच काडी दारापर्यंत पळत गेली, आणि आनंदानं शेपूट अशी आपटली की टोक भिंतीवर फुटलं. ह्या जातीची शेपूट म्हणजे लांब, केस नसलेली छडी. एकदा टोक फुटलं की प्रत्येक हलवण्याला रक्ताचे शिंतोडे. माझ्या पांढऱ्या भिंती, चौकट, आबांचा सदरा, आकाशकंदील, सगळं ठिपक्याठिपक्यांचं. मी रडू की हसू अशी उभी, आणि आबा हसायला लागले. मी आबांना हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. पुढचा एक दात नव्हता. मग त्यांनी परसातल्या पपईच्या पानाचं पोकळ देठ कापलं, जखम धुऊन शेपटीचं टोक त्या नळीत सरकवलं आणि वर चिंधीनं सैल बांधलं. रोज नवं देठ. वारा लागतो, मार लागत नाही. महिनाभर आमची कुत्री हिरवी नळी मिरवत गावभर हिंडली, आणि भिंतीवरचे ठिपके मी पुढच्या दिवाळीपर्यंत पुसले नाहीत.

चंपाषष्ठीला खंडोबाचा नैवेद्य होता. वांग्याचं भरीत, बाजरीचे रोडगे, कांद्याची पात. आमच्याकडे त्या दिवशी कुत्र्याला आधी वाढतात, देवाचं कुत्रं म्हणून. मी काडीचं पान वाढायला घेतलं तसे आबा म्हणाले, "तिचं भरीत बिगरकांद्याचं काढ. डाक्टर म्हनला, कांदा कुत्र्याच्या रक्ताला वंगाळ." मी म्हटलं, "देवाचा निवद हाय ना, आबा?" "निवद देवाचा हाय, पन पोट तिचं हाय."

ती खात होती आणि आम्ही दोघं बघत होतो. तेव्हा मी विचारलं. दोन महिने पोटात ठेवलेलं. "आबा, तुमाला ठाव व्हतं मी लावलंय. मग तुमी तुमच्यावर का घेतलं?"

काडीकडे बघतच ते म्हणाले, "हिच्या आदी एक पाखऱ्या व्हता. कारवानीच. तुजी सासू जित्ती व्हती तवाची गोष्ट. त्याला मी हेच लावलं. हीच लाळ, हेच पाय. डाक्टरनं तीनदा इचारलं, काय लावलंय. चार मान्सं व्हती तिथं, सोयरं व्हतं. मला लाज वाटली. मी म्हनलो, कशानं झालं ठाव न्हाई." त्यांनी रोडग्याचा एक तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून ठेवला. "माज्या मांडीवर गेला. तुज्या सासूलाबी कदी सांगितलं न्हाई. तू 'अचानक पडली' म्हनलीस ना, तवा मला माजाच आवाज आला. म्हनलं, हिची लाज आदी कुनीतरी उचलली पायजे, मंग ही बोलंल."

तुकडा त्यांनी काडीला दिला. मी आत जाऊन भरीत पुन्हा उगाच ढवळत बसले, कारण बाहेर बसवेना.

काडी त्यानंतर दहा वर्षं जगली. बिबट्याच्या भीतीनं रात्री घरातच झोपायची. थंडीत मी माझ्या जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून तिला झगा केला होता, तो घालून ती दारात उभी राहिली की जाणारे-येणारे थांबायचे. पळून आली की लगेच खायला द्यायचं नाही, आधी धाप उतरेपर्यंत हळूहळू फिरवायचं; नख मुळातून हललं तर ओढायचं नाही; कुरूप ब्लेडनं तासायचं नाही. हे सगळं मला येत गेलं. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा चाचपणी माझ्याकडे आली. ते शेजारी बसून विचारायचे, "काय लागतंय हाताला?" आणि मी सांगायचे. काडी गेली ती म्हातारपणानं, खरोखरच्या म्हातारपणानं, भुशाच्या गादीवर. आबा तिच्यानंतर दोन सुग्या बघून गेले. गावातली कारवानी, ग्रेहाऊंड, अर्धी ही अर्धी ती कुत्री आता दुखलीखुपली की आधी माझ्याकडे येतात, आणि माझ्या हाताबाहेरचं असलं की मी त्यांना डॉक्टरकडे पिटाळते.

परवा तसेच एक तात्या आले, पलीकडच्या वाडीतले. साठीचे, पांढरी टोपी, इस्तरीचा सदरा, चारचौघांत मान असलेला माणूस. मागे त्यांची सून आणि नातवंडं. गोणपाटात गुंडाळलेली तरणी कारवानी त्यांनी ओट्यावर ठेवली. तिच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती आणि मांडी आपोआप उडत होती. वास मला अंगणातूनच आला होता.

"काय लावलंय, तात्या?"

त्यांनी एकदा सुनेकडे बघितलं, मग जमिनीकडे. "कशानं झालं, ठाव न्हाई."

जीप बोलवायला मी ह्यांना पाठवलं. मग तात्यांच्या शेजारी खाली बसले, कुत्रीच्या मानेवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माज्या हातनं पन झालं व्हतं. माज्या सासऱ्याच्या हातनं बी. म्हशीचंच औषध."

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सकाळी," ते म्हणाले. "दोन टोपणं."

मी साबण आणायला उठले.